मशीन वाचत नाही ती ओळ

रोहिणखेडच्या सुवर्णाचा एक नेम होता. सकाळी आंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं, की ती देवघरापुढे वही उघडून बसायची आणि एकशे आठ वेळा रामनाम लिहायची. दिवसाचं पहिलं अक्षर नामाचं, बाकीचं सगळं मागून. साधी किराण्याची चिठ्ठी लिहायची असली तरी आधी वही. आणि कोणताही नवा कागद हाती आला, मग तो पोरीच्या शाळेतला रजेचा अर्ज का असेना, त्याच्या माथ्यावर मधोमध ॥ श्री ॥ काढल्याशिवाय तिचं पेन पुढे सरकत नसे. लग्नाला सतरा वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. हा नेम एक दिवस कॉम्प्युटरच्या वाटेत आडवा येईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

कॉम्प्युटरची ओढ मात्र जुनी होती. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात घरात आजारपण आलं. पुढचं शिकणं राहिलं ते राहिलंच. मग लग्न, मेथी-वांग्याचं वावर, पोरगी, सासूबाई. अडतिसाव्या वर्षी तिला कळलं की मोताळ्यात महामायानं बायकांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग काढला आहे. नवरा बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन मोताळ्याला जायचाच. त्याच ऑटोत मेथीच्या जुड्यांच्या शेजारी सुवर्णा बसू लागली.

महामाया ही रोहिणखेडच्याच संघपाल गुरुजींची मुलगी. तीन वर्षं पुण्यात मोठ्या कंपनीत राहिली आणि आता मोताळ्यात बसून तेच काम करते. पिठाच्या गिरणीवरची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. खाली गिरणी सुरू झाली की वरची टेबलं थरथरायची आणि कीबोर्डांवर पिठाचा पातळ थर बसायचा. वर्गात सहा बाया. महामाया वयानं सुवर्णापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून सुवर्णा तिला मॅडम म्हणू लागली.

"काकू, मॅडम नका म्हणू वो," महामाया म्हणाली. "लहानपणी तुमच्या बोरीची बोरं चोरली मी."

"चोरली नाहीत, मीच पाडून देत होती," सुवर्णा हळूच म्हणाली. "अन् शिकवते त्याले मॅडम नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

महामायाची एक रीत सुवर्णाला फार आवडायची. कोणी चुकलं की ती त्या बाईच्या मागे येऊन उभी राहायची आणि आपले दोन्ही हात पाठीमागे एकात एक गुंतवून ठेवायची. कीबोर्डला बोट लावायचं नाही, म्हणून. तिला चूक क्षणात दिसायची हे तिच्या डोळ्यांवरून कळायचं, पण हात पाठीमागून सुटायचे नाहीत. चुकणारी बाई पाच मिनिटं चाचपडो की पंधरा, ती तशीच उभी. एवढं ज्ञान जवळ असून ते आवरून धरणं किती अवघड असेल, असं सुवर्णाला वाटे.

तिसऱ्या वर्गाला महामाया म्हणाली, "आजपासून लिहायचं. पण आधी लिहायची जागा निवडा. प्रोग्राम जिथं लिहितात त्याले एडिटर म्हणतात. इथं तीन आहेत: नोटपॅड, थॉनी अन् व्हीएस कोड. तिन्ही उघडून पाहा. कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही."

वर्गातली सर्वांत लहान अश्विनी, पॉलिटेक्निकला जाणारी, चुटकीसरशी म्हणाली, "त्यात काय पाहायचं? काळा पडदा, रंगीत अक्षरं. व्हीएस कोड. साऱ्या रीलमध्ये तोच असते." बाकीच्या चौघींनी तिच्यामागे माना हलवल्या.

सुवर्णाला काही ठरवता येईना. नोटपॅड म्हणजे कोरा कागद. चुकलं तरी बोलत नाही. थॉनीत दोनच चौकटी, लहान पोराच्या पाटीसारख्या. व्हीएस कोड तिनं घरी जुन्या लॅपटॉपवर उघडला, तर पडद्यावर इतकी चित्रं, इतक्या सूचना, की आपण लग्नघरात चुकून भलत्याच मांडवात शिरलो असं तिला झालं. शिवाय तो लॅपटॉप सेकंडहँड. त्याचा पंखा कडबाकुट्टीसारखा घरघरू लागला.

तिच्या सासूबाई, सुभद्राबाई, तूर निवडत बसल्या होत्या. "चपला घ्यायच्या असल्या तरी माणूस दोन दुकानं पाहून येते," त्या म्हणाल्या. "तू चार दिवसांपासून एक पाटी निवडून राह्यली. कायले एवढं?"

कारण होतं. मोताळ्यात बायकांनी चालवलेली एक शेतमाल कंपनी होती. तिनं माती तपासायची छोटी लॅब काढली होती आणि नमुन्यांचे प्रोग्राम लिहायला त्यांना एक बाई हवी होती. एकच. दीड महिन्यांनी परीक्षा, तासाभराची, त्यांच्याच कॉम्प्युटरवर. सुवर्णाला पुण्याला जाता येणार नव्हतं, बुलडाण्याला रोज जाणंही जमण्यासारखं नव्हतं. सासूबाईंच्या गुडघ्यांनी आता फार उठबस होत नव्हती. मोताळ्यातली ही एक जागा मिळाली तर वीस वर्षांपूर्वी हातातून सुटलेलं काहीतरी परत हाती येणार होतं. नाही मिळाली, तर आपल्या आवाक्यात दुसरी अशी जागा येणार नाही, हे ती जाणून होती. आणि इथे तर लिहायची पाटी निवडण्यातच तिचं घोडं अडलं होतं.

पुढच्या वर्गाला ती महामायाला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, मले वाटते हे माह्यं काम नाही. ज्याले पाटी निवडता येत नाही, त्यानं त्याच्यावर काय लिहावं?"

महामायानं भलतंच विचारलं. "काकू, तुम्ही अजून नामाची वही लिहिता का?"

"हाव. रोज."

"मी रविवारी येते सकाळी."

रविवारी आठच्या सुमाराला तिची स्कूटी दारात उभी राहिली. सुभद्राबाई म्हणाल्या, "ये वो बाई. चहा मांडू का?"

"मांडा ना आजी. पण काकूले आधी वही लिहू द्या. मी तेच पाहायले आली."

सुवर्णा संकोचली, पण नेम तो नेम. ती वही उघडून बसली. महामाया भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि पंचवीस मिनिटं एक शब्द बोलली नाही. सुवर्णाचं लिहून झालं, वहीला नमस्कार झाला, तेव्हा ती पुढे सरकली.

"काकू, तुम्ही एक ओळ लिहिली की थांबता."

"हाव. लिहिलेलं नाम एकदा डोळ्यानं वाचायचं. मंग पुढचं."

"अन् ही ओळ? इथं काना राहून गेला. तुम्ही खोडलं नाही."

"नाम खोडत नाहीत. चुकलेलं मोजायचं नाही, खाली नवीन लिहायचं. चूक दिसत राह्यली पाहिजे. झाकली की पुन्हा होते."

महामाया हसली. "मंग तुमचा एडिटर ठरला. थॉनी."

"लहान पोरांचा?"

"शिकणाऱ्याचा. त्याच्यात एकेक ओळ चालवून पाहता येते. बटण दाबलं की एकच ओळ उजळते. त्या ओळीनं काय केलं ते बाजूच्या चौकटीत दिसते. तुम्ही पाहिलं, मन भरलं, की पुढची ओळ. तुम्ही सतरा वर्षांपासून असंच लिहून राह्यल्या, काकू. बाकीच्या बायांले हे शिकवायले मले सहा महिने लागतील."

"अन् तो रंगीत? तो चांगला नाही का?"

"लय चांगला आहे. मी दिवसभर त्याच्यातच असते. पण नागपूरले जायचं असलं तर यष्टी अन् वावरात जायचं असलं तर पायी. वावरात कोणी यष्टी नेते का?"

सुभद्राबाईंनी चहाचे कप आणून ठेवले. "कोण टोनी म्हणून राह्यल्या तुम्ही?"

"टोनी नाही आजी, थॉनी."

"तेच ते. माणूस बरा आहे ना?"

"माणूस साधा आहे," महामाया गंभीरपणे म्हणाली. "जास्त बोलत नाही."

"मंग हावच म्हण, सुवर्णा," सुभद्राबाई म्हणाल्या. "बोलणारे लय पाहिले आपण."

महामायाची स्कूटी गेली तरी सुवर्णा बराच वेळ दारात उभी होती. तिनं फोनवर शोधलं होतं, कोणता एडिटर चांगला, तर सगळे लॅपटॉपचं विचारत होते: किती मेमरी, कोणतं मॉडेल. ही पोरगी पंधरा किलोमीटर आली, जमिनीवर बसली आणि तिनं फक्त हात पाहिला. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. सुवर्णाला वाटलं, शिकवणं म्हणतात ते हेच असावं.

दुसऱ्या दिवशी वही झाल्यावर तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. थॉनी उघडला. कोरी पाटी समोर आली आणि हात आपोआप गेला. तिनं मराठी कीबोर्ड लावून माथ्यावर लिहिलं, ॥ श्री ॥. मग इंग्रजी कीबोर्डवर येऊन खाली दोन आकड्यांची बेरीज लिहिली, ओळी सरळ एकाखाली एक, आणि चालवायचं हिरवं बटण दाबलं.

खालच्या चौकटीत लाल अक्षरं उमटली.

"काय म्हणते टोनी?" सुभद्राबाईंनी विचारलं.

सुवर्णानं अडखळत वाचलं. "इन्व्हॅलिड कॅरेक्टर."

सुभद्राबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "कोणाचं कॅरेक्टर?"

"पहिल्या ओळीचं. श्रीचं."

"श्रीचं कॅरेक्टर खराब म्हणते हा? काल तर साधा म्हणत होती ते बाई."

सुवर्णाला हसू आलं. तिनं नीट पाहिलं. मशीननं बोट ठेवलं होतं ते दांड्यांवर, त्या दोन उभ्या रेघांवर. तिनं देवाची मनात क्षमा मागून दोन्हीकडचे दांडे काढले. नुसतं श्री उरलं. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा लाल अक्षरं, पण या वेळी वेगळी.

"आता?"

"म्हणते, नेम 'श्री' इज नॉट डिफाइन्ड. म्हणजे श्री या नावाची व्याख्या केलेली नाही."

सुभद्राबाईंनी थोडा विचार केला. मग त्या पुन्हा सूप हलवू लागल्या. "हे मात्र बराबर म्हणते. त्याची व्याख्या करणारा अजून जन्माले यायचा आहे."

बोलणं हसण्यावारी गेलं, पण काम तिथंच थांबलं. श्री पुसलं की प्रोग्राम चालणार, हे सुवर्णाला कळत होतं. पण पुसायला तिचं बोट जाईना. ती कोणाला सांगायला गेली नसती, आणि सांगितलं तर लोक हसलेच असते. पण ज्या पानावर आधी नाव नाही त्या पानावर तिला अक्षर काढता येत नव्हतं. दोन दिवस लॅपटॉप तसाच मिटून राहिला. परीक्षेला महिना उरला होता.

वर्गात तिनं पडदा उघडला तेव्हा अश्विनीनं शेजारून वाकून पाहिलं. "काकू, सोपं आहे. देव डिलीट करा, चालते मंग."

बाया हसल्या. सुवर्णाही हसली, पण तिची मान खाली गेली. तेवढ्यात मागे पिठाळलेल्या फरशीवर पावलं वाजली. महामाया येऊन उभी होती, हात पाठीमागे.

"कोणी काही डिलीट करू नका," ती म्हणाली. "काकू, दोन्ही वेळा मशीन काय म्हणलं, ते मोठ्यानं सांगा."

सुवर्णानं सांगितलं.

"आधी म्हणे हे अक्षर चालत नाही. ते कोणाबद्दल?"

"दांड्यांबद्दल."

"अन् दांडे काढल्यावर?"

"श्रीची व्याख्या नाही."

"नाव घेऊन म्हणलं ना? श्री म्हणून?"

"हाव. नाव घेऊन."

"मंग त्यानं श्री वाचलं," महामाया म्हणाली. "दांडे नाही वाचता आले, पण श्री वाचलं. त्याले मराठी अक्षर येते, काकू. फक्त तुम्ही कोणाबद्दल बोलून राह्यल्या ते त्याले समजलं नाही."

वर्गातल्या बायांचं हसू थांबलं. अश्विनीही पुढे वाकून पाहू लागली.

"आता ओळीच्या आधी हे टाका." महामायानं हवेत बोटानं दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा काढल्या. "हॅश. ही खूण टाकली की तिथून पुढं त्या ओळीत जे लिहाल ते मशीन वाचत नाही. ते माणसांसाठी असते. दांडेसुद्धा टाका, काही बिघडत नाही."

सुवर्णानं खूण टाकली. तिला ती उंबऱ्यावरच्या रांगोळीच्या चौकटीसारखी वाटली. तिच्या पुढे ॥ श्री ॥ लिहिलं आणि बटण दाबलं. खाली बेरजेचं उत्तर आलं, निमूटपणे.

महामायानं आपला लॅपटॉप तिच्यासमोर वळवला. काळ्या पडद्यावर रंगीत ओळींची शंभर-दोनशेची रांग होती, आणि सगळ्यांत वर, फिक्या रंगात, एक ओळ: हॅश, आणि पुढे 'नमो बुद्धाय'.

"माह्या स्वतःच्या साऱ्या फाइलींत आहे," ती म्हणाली. "बाबांनी शिकवलं. पाटीवर अ काढायच्या आधी हे." मग ती अश्विनीकडे वळली. "अन् तूही ऐक वो. मशीनले अमुक येत नाही, असं आपल्या मनानं ठरवायचं नाही. त्याले विचारायचं. ते रागावत नाही, अन् त्याच्या घरचं काही जात नाही."

त्या महिन्यात सुवर्णा रोज लिहीत राहिली. वही झाली की थॉनी. एक ओळ उजळायची, बाजूच्या चौकटीत तिचं फळ दिसायचं, मग पुढची ओळ. पायथनमध्ये, म्हणजे त्या शिकत होत्या त्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, काही ओळी चार घरं आत सरकवून लिहाव्या लागतात; इतर बायांच्या ओळी कुठेही भरकटायच्या, सुवर्णाच्या ओळंब्यानं आखल्यासारख्या. एकदा तर जपाच्या वहीतही तिनं एक ओळ चार घरं आतून सुरू केली आणि स्वतःशीच हसली. चुका व्हायच्या, पण ती चुकलेली ओळ पुसायची नाही. तिच्यापुढे हॅश टाकून तशीच ठेवायची आणि खाली नवी लिहायची. महामायानं ते पाहिलं आणि वर्गातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. "हे मी काकूंपासून शिकली," ती म्हणाली. सुवर्णाला कुठे पाहावं कळेना.

परीक्षेच्या दिवशी संकष्टी होती. सुवर्णा उपाशीपोटी, पण वही पूर्ण करून निघाली. कंपनीच्या गोदामाला लागून लॅब होती. सोयाबीनच्या पोत्यांचा वास आत येत होता. सहा कॉम्प्युटर, वर्गातल्याच सहा बाया. कंपनीच्या अध्यक्ष अन्नपूर्णाबाई स्वतः हजर होत्या, साठीच्या, स्वतःचा कापूस स्वतः पिकवणाऱ्या. परीक्षा घ्यायला बुलडाण्याहून शिवम नावाचा तरुण इंजिनियर आला होता.

"प्रत्येक कॉम्प्युटरवर चार-पाच एडिटर आहेत," तो म्हणाला. "कोणताही घ्या."

पाच पडदे काळे झाले. सुवर्णानं थॉनी उघडला. शेजारून अश्विनी कुजबुजली, "काकू, आज तरी मोठं घ्या ना. पाहणारे काय म्हणतील?"

"पाहू दे वो," सुवर्णा म्हणाली. "मले पायीच बरं."

काम असं होतं. मातीच्या चाळीस नमुन्यांची यादी एका फाइलमध्ये लिहून दिलेली होती. प्रत्येक नमुन्याचा सामू, म्हणजे माती आंबट आहे की खारी ते सांगणारा आकडा, अवतरणचिन्हांत लिहिलेला; अवतरणात असलेलं मशीन आकडा म्हणून नाही, नुसती अक्षरं म्हणून धरतं. साडेसहाच्या खाली असला तर 'आम्लीय' छापायचं, आठाच्या वर असला तर 'खारवट', मधे असला तर 'चांगली'. संग्रामपूरकडच्या खारपाण पट्ट्यातले नमुने त्यात होते, सोनाळ्याचे होते, मोताळ्याचे होते. शेवटी प्रत्येक प्रकारचे किती, तेही सांगायचं.

सुवर्णानं माथ्यावर हॅश टाकून ॥ श्री ॥ लिहिलं आणि यादी वाचायला घेतली. एक ओळ, थांबणं, दुसरी ओळ. बावीस आकडे इंग्रजीत होते. तेविसाव्यापासून पुढचे सगळे मराठीत: ७.८, ८.४, ६.२.

तेवढ्यात अश्विनीनं हात वर केला. तिनं एका दमात सगळ्या यादीतली अवतरणचिन्हं उडवली होती, आणि उघड्या पडलेल्या मराठी आकड्यांखाली तिच्या पडद्यावर लाल रेघा आल्या होत्या. "सर, यादीत चूक आहे. मराठी आकडे आहेत, मशीन घेत नाही."

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "चूक कायची? आमच्या दोन बाया लिहितात. एकीले इंग्रजी आकडे येतात, एकीले मराठी."

शिवम नुसता हसला. "यादी आहे ती अशी आहे. तुम्ही बघा कसं करायचं."

मग खोलीत टकटक सुरू झाली. बाकीच्याजणी अवतरणचिन्हं काढून अठरा आकडे हातानं इंग्रजीत लिहू लागल्या. एकीनं तर ते नमुनेच काढून टाकले. सुवर्णाचाही हात तिकडे वळला. अठराच तर आहेत, दहा मिनिटांचं काम. पण हात कीबोर्डवर टेकायच्या आधी तिला गिरणीवरची खोली आठवली. त्याले मराठी अक्षर येते, काकू. आपल्या मनानं ठरवायचं नाही. विचारायचं.

तिनं यादीला हात लावला नाही. अवतरणचिन्हांतल्या अक्षरांचा आकडा करायचा जो शब्द महामायानं शिकवला होता, तो लिहिला, आणि थॉनीला एकेक ओळ चालवायला सांगितलं. पहिला नमुना, दुसरा नमुना. बटण, ओळ, बटण, ओळ. ती तेविसाव्या नमुन्याशी आली. बाजूच्या चौकटीत '७.८' दिसत होतं, अवतरणचिन्हांत, तिच्या वहीतल्या अक्षरांसारखं. तिनं बटण दाबलं. ओळ उजळली, आणि त्याच्या खाली आलं 7.8. अवतरणचिन्हं नाहीत, लाल अक्षरं नाहीत. काही न बोलता मशीननं मराठी आकडा वाचला होता.

सुवर्णानं हात मांडीवर घेतले आणि क्षणभर डोळे मिटले. मग उरलेलं लिहिलं. वेळ संपायला वीस मिनिटं असताना ती उठली.

शिवमनं सगळ्यांचे प्रोग्राम चालवून पाहिले. मग खिशातून पेनड्राइव्ह काढून तो म्हणाला, "ही पुढच्या महिन्याची यादी. सगळी मराठीत आहे." त्यानं ती एकेकीच्या प्रोग्रामला दिली. पाच पडद्यांवर लाल अक्षरं आली. त्या प्रोग्रामांना उघडे आकडे हवे होते, अवतरणचिन्हांतले नको होते. सहाव्या पडद्यावर साठ नमुन्यांची उत्तरं एकाखाली एक उतरली.

अन्नपूर्णाबाई खुर्ची सरकवून सुवर्णाच्या पडद्यापाशी आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण वरची एक ओळ त्यांनी वाचली. मग विचारलं, "बाई, आमच्या बायांनी मराठीत लिहिलं तर चालन का? त्यांले बदलायले सांगावं लागन का?"

"काही सांगू नका," सुवर्णा म्हणाली. "चालते."

"मंग सोमवारपासून ये."

बाया उठून निघाल्या. अश्विनी मागे राहिली. मग म्हणाली, "काकू, मले दाखवा ना. मले वाटलं, मशीन मराठी घेतच नाही."

"बस," सुवर्णा म्हणाली. अश्विनी थॉनीपुढे बसली. तिची बोटं चुकीच्या ओळीवर गेली. सुवर्णाला चूक दिसली, तिचा हात पुढे झाला, आणि अर्ध्या वाटेतच थांबला. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक गुंतवले. ते खरंच अवघड होतं. तिला वाटलं होतं त्याहून अवघड.

संध्याकाळी ती गिरणीवर गेली. महामायाला सांगितलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावायला गेली, तशी महामाया दोन पावलं मागे सरली. "नाही काकू. तुम्ही मोठ्या. अन् आमच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत." सुवर्णानं आणलेली मेथीची जुडी मात्र तिनं घेतली. म्हणाली, "डाळमेथी करते आज."

सोमवारी सुवर्णा कामावरून परत आली तेव्हा सुभद्राबाई दारात बसून वाट पाहत होत्या.

"काय लिहिलं आज?"

"आधी श्री लिहिलं. हॅश टाकून."

"मंग?"

"मंग त्याच्या खाली आणखी एक हॅश टाकला." सुवर्णा चपला काढत म्हणाली. "अन् लिहिलं, महामाया."

सुभद्राबाईंनी विचारलं, "पाया पडू देत नाही म्हणून?"

"हाव."

"अन् टोनी काही बोलला नाही?"

"नाही," सुवर्णा म्हणाली. "त्यानं खालच्या ओळीपासून काम सुरू केलं."